सल्फेटचा माग: जैंतिया टेकड्यांतल्या ओढ्यांकाठी

रविवार : शिलाँग ते जोवाई

मेघालयातल्या कोळशाच्या खाणींचे पाणी ओढ्यांत किती मिसळते ते आम्हाला मोजायचे होते. नमुन्यांत घालायचे नायट्रिक आम्ल विमानात नेता येत नाही, म्हणून आमच्या प्रवासाची खरी सुरुवात शिलाँगच्या एका प्रयोगशाळेतून झाली. माझी मैत्रीण तिथे ओढ्यांच्या पाण्यावर संशोधन करते. ती मूळची प्नार, म्हणजे आम्ही ज्या जैंतिया टेकड्यांत जाणार होतो तिथलीच. तिने आम्लाच्या छोट्या कुप्या, धुऊन वाळवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, ०.४५ मायक्रॉनची गाळणपत्रे आणि बर्फाची पेटी आधीच भरून ठेवली होती. मी पुण्याहून आणले होते ते सामू आणि वाहकता मोजणारे हातातले यंत्र आणि सल्फेट तपासायचा संच.

सामू म्हणजे पीएच. माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांना हा शब्द पाठ असतो. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते : ही मोजपट्टी सरळ चढत नाही. सामू ७ वरून ६ झाला की हायड्रोजन आयन दहापट होतात, आणि ४ झाला की हजारपट. म्हणून कोणी सहज म्हणाले की 'पाणी थोडे आम्लधर्मी आहे, सामू चार आहे', तर त्या 'थोडे'वर माझा जीव अडकतो.

शिलाँगहून जोवाई साधारण ६५ किलोमीटर. महामार्ग तोच, जो पुढे लाडरिंबाई, ख्लीहरियात, लुमश्नाँग, सोनापूर असे कोळशाचे आणि चुनखडीचे पट्टे ओलांडत आसामातल्या सिलचरकडे उतरतो. आमचा सगळा आठवडा याच रस्त्याच्या आजूबाजूला जाणार होता. जानेवारी मुद्दाम निवडला. पावसाळ्यात इथले ओढे इतके भरून वाहतात की खाणीचे पाणी त्यात पातळ होऊन जाते. कोरड्या दिवसांत ओढ्यात उरते ते जमिनीतून झिरपलेले पाणी, आणि त्यात जमिनीच्या पोटातल्या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात.

जोवाईला पोहोचलो तेव्हा उजेड होता. मिंतदू नदी या गावाला जवळपास वेढा घालून जाते. लोक तिला रक्षणकर्ती मानतात. तिच्या काठी उभे राहून मैत्रीण म्हणाली, "उद्या आधी चांगले पाणी बघू. वाईट पाणी कुठे पळून जात नाही."

सोमवार : ज्या ओढ्याला कोळसा माहीत नाही

हा दिवस कोणी वगळू नये. खाणीखालच्या ओढ्यात सामू ५.५ आला तर ते खाणीमुळे की मुळातच तसे, हे कशावरून ठरवायचे? स्वच्छ पावसाच्या पाण्याचाच सामू सुमारे ५.६ असतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो म्हणून. वालुकाश्मावरून वाहणाऱ्या ओढ्यात त्या आम्लतेला उतारा देणारे काही नसते, त्यामुळे तिथे निर्मळ पाणीही किंचित आम्लधर्मी राहते. आधी प्रदेशाचे निरोगी पाणी मोजायचे, मगच आजाराचे नाव घ्यायचे.

जोवाईपासून थोड्या अंतरावर, एका राखलेल्या रानातून येणारा ओढा आम्ही धरला. वरच्या बाजूला कोळसा नाही, वस्ती नाही. गावप्रमुखांना, म्हणजे इथल्या भाषेत वाहेह श्नोंग यांना, मैत्रिणीने आदल्या रात्रीच फोन केला होता. इथे जमीन सरकारची नाही, ती कुटुंबांची, कुळांची किंवा गावाची. घटनेच्या सहाव्या अनुसूचीखालचा हा प्रदेश आहे. न विचारता कोणाच्या ओढ्यात उतरणे इथे शोभत नाही, आणि विचारले तर माणसे स्वतः वाट दाखवायला येतात.

सकाळी उतरायच्या आधी यंत्र ४ आणि ७ सामूच्या द्रावणांत तपासून जुळवून घेतले, वाहकतेसाठी १४१३ वाहकतेचे प्रमाण द्रावण वापरले. मग दांडी ओढ्यात धरली आणि वाट पाहिली. इतक्या पातळ पाण्यात काचेची दांडी फार सावकाश बोलते. आकडा सरकत राहतो, पाच-पाच मिनिटे. घाई करणाऱ्याला ५.८ दिसेल, थांबणाऱ्याला ६.२. आम्ही थांबलो. सामू ६.२. वाहकता २८ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर (पुढे फक्त आकडा देते). सल्फेट इतके कमी की संचाच्या किमान मर्यादेखाली.

वाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते त्याचे माप. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितका आकडा मोठा. ती कोणता क्षार आहे ते सांगत नाही, पण काहीतरी आले आहे हे क्षणात सांगते, आणि यंत्र स्वस्त, टिकाऊ, पाण्यात धरले की उत्तर. एखाद्या गावाला एकच उपकरण घेणे परवडत असेल तर मी सामूच्या आधी वाहकतेचे घ्या म्हणेन. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये अ‍ॅपलेशिया डोंगरांतल्या कोळसापट्ट्यासाठी ओढ्यांतल्या जीवांच्या रक्षणाची मर्यादा ठरवली, ती वाहकतेवरच : ३००. तिथल्या खडकांची ती मर्यादा जशीच्या तशी इथे लागू करता येणार नाही, पण २८ हा आकडा लक्षात असू द्या.

मग दगड उलटले. जाळी प्रवाहात उभी धरायची आणि तिच्या वरच्या बाजूचा तळ पायाने ढवळायचा. पांढऱ्या थाळीत ओतले तेव्हा थाळी पाण्यातल्या किड्यांनी हलत होती. तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्ले, दगडाला घट्ट चिकटणारी दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची पिल्ले, वाळूच्या कणांचे घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. या तिघांना आम्ल आणि धातू सोसत नाहीत. यंत्र फक्त या क्षणाचे पाणी सांगते. या जीवांनी मात्र मागचे कित्येक महिने याच पाण्यात काढलेले असतात. एखाद्या रात्री वाईट पाणी सोडले गेले आणि सकाळी मोजणारा पोहोचेपर्यंत वाहून गेले, तरी थाळी रिकामी असते.

आम्हाला वाट दाखवायला आलेल्या मुलाने एक मेफ्लाय बोटावर घेतली आणि विचारले की खाली, खाणीच्या गावात, हे का मिळत नाहीत. मैत्रिणीने त्याला प्नारमध्ये बराच वेळ समजावून सांगितले.

मंगळवार : लाडरिंबाईच्या पुढे

रस्त्याच्या कडेने काळी माती सुरू झाली की कोळसापट्टा आला असे समजावे. खड्डे मुख्य रस्त्यावरून दिसत नाहीत, आत वळावे लागते. जमिनीत सरळ उभा चौकोनी खड्डा, काही ठिकाणी चाळीस-पन्नास मीटर खोल, आणि तळाशी कोळशाचा थर सापडला की त्याला धरून आडवी बोगदी. थर पातळ, कधी हातभर, क्वचित पुरुषभर. माणूस त्यात रांगतच जाऊ शकतो. 'रॅट होल' हे नाव त्यावरूनच पडले.

राष्ट्रीय हरित लवादाने १७ एप्रिल २०१४ रोजी या पद्धतीच्या खाणकामावर बंदी घातली. तक्रार केली होती ऑल दिमासा स्टुडंट्स युनियनने, आणि ती मेघालयातून नव्हे तर शेजारच्या आसामातून, दिमा हसाओ जिल्ह्यातून आली होती. कारण पाणी हद्द पाळत नाही. जैंतिया पठाराचे उत्तरेकडचे ओढे कोपिली नदीला मिळतात, आणि तिच्यावरच्या जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे आम्लधर्मी पाण्याने गंजत होती. दक्षिणेकडचे ओढे बांगलादेशात उतरतात. बंदीनंतरही १३ डिसेंबर २०१८ ला क्सान गावाजवळच्या खाणीत पाणी घुसले आणि १५ मजूर आत अडकले. त्या भागातून जाताना गाडीत कोणी बोलले नाही.

आम्ही गेलो ती खाण कित्येक वर्षे बंद आहे. खड्ड्याच्या काठावर गवत वाढलेले. पण उतारावर खाली, जुन्या बोगद्याच्या तोंडातून पाणी वाहतच होते. खाणकाम थांबते, तसे हे पाणी थांबत नाही. बोगदी खोदली तेव्हा जो पायराइट हवेला उघडा पडला, तो संपेपर्यंत ही क्रिया चालू राहते.

पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक यांचे खनिज, कोळशात सोनेरी ठिपक्यांसारखे दिसते. त्याला हवा आणि पाणी मिळाले की गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, म्हणजे पाण्यात सल्फेट येतो, आणि लोखंड पाण्यात विरघळते. मग खरी गंमत जिवाणूंची. त्या आम्लात जगणारे काही जिवाणू विरघळलेल्या लोखंडाचे रूप बदलतात, आणि बदललेले लोखंड उलट पायराइटवरच तुटून पडते. जिवाणूंशिवाय ही पायरी इतकी मंद असते की त्यांच्यामुळे तिचा वेग लाखोपटींनी वाढतो असे प्रयोगांत दिसले आहे. लोखंडाच्या या हल्ल्याला थेट हवा लागत नाही, पण लोखंडाचे रूप बदलायला जिवाणूंना ती लागतेच, म्हणून हवा मिळत राहील तोवर हे चाक फिरत राहते.

महाराष्ट्रात चंद्रपूर-वणीच्या कोळशाजवळ राहणारे वाचक विचारतील, आमच्याकडे ओढे असे तांबडे का होत नाहीत? तो कोळसा गोंडवना काळातला, गोड्या पाण्याच्या गाळात तयार झालेला, त्यात गंधक साधारण एका टक्क्याहूनही कमी. जैंतियाचा कोळसा त्याच्या मानाने फार तरुण, इओसीन काळातला, समुद्राच्या सान्निध्यात तयार झालेला. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून या कोळशात गंधक त्याच्या कितीतरी पट. तुमच्याकडे खाणीचे पाणी बहुधा उदासीन असते, पण क्षार आणि कोळशाची बारीक भुकटी घेऊन येते. तिथे केवळ सामू बघून 'ठीक आहे' म्हणणारा अहवाल अर्धवट असतो. हा मुद्दा इथेही गुरुवारी भेटणार होता.

बोगद्याच्या तोंडाशी पाणी नितळ होते. मी हे ठासून लिहिते, कारण आमच्या गाडीचे चालक, ज्यांना आम्ही बाह म्हणत होतो, तेही चकित झाले. तळाचा दगड दिसावा इतके नितळ, आणि सामू २.९. वाहकता १,२४०. इतक्या आम्लात लोखंड विरघळलेलेच राहते, रंग धरत नाही. पंचवीस-तीस पावलांवर, दुसऱ्या झिऱ्याचे पाणी मिळून सामू साडेतीनच्या पुढे गेला, तिथे लोखंड गंजाच्या रूपात बाहेर पडून सगळे दगड नारिंगी सालीने मढले होते. म्हणजे नारिंगी दगड दिसला तर सर्वांत वाईट पाणी त्याच्याही वर शोधायचे. डोळ्यांवर विसंबणारा नेमका चुकीच्या जागी नमुना घेतो.

इथे नमुने घेण्यातच दुपार गेली. प्रत्येक जागी बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. धातूंसाठीचे पाणी जागच्या जागी गाळायचे आणि लगेच आम्लाचे थेंब घालायचे, नाहीतर शिलाँगला पोहोचेपर्यंत लोखंड बाटलीच्या तळाशी बसते आणि अहवालात ते कमी दिसते. सल्फेटच्या बाटलीत आम्ल नाही, ती फक्त बर्फात. प्रवाह किती तेही मोजला : बोगद्याच्या तोंडाशी दहा लिटरची बादली भरायला २० सेकंद, म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर. टेकडीच्या पलीकडच्या दुसऱ्या तोंडाचे पाणी जरा बरे होते, सामू ३.४, पण प्रवाह मोठा, सेकंदाला सहा लिटर. दोन्ही आकडे वहीत ठेवून आम्ही उजेड असेतोवर परतलो.

बुधवार : संगम

आज एकच जागा, आणि माझ्या मते सगळ्या सफरीतली सर्वांत शिकवणारी. एका बाजूने रानातून येणारा ओढा, दुसऱ्या बाजूने खाणीच्या टेकडीवरून येणारा, आणि खाली दोघांचे एकत्र पाणी.

रानाकडचा : सामू ६.४, वाहकता ४०, सल्फेट लिटरला ३ मिलिग्रॅम.
खाणीकडचा : सामू ३.२, वाहकता ९००, सल्फेट ३२०.
संगमाखाली, दोन्ही पाणी पुरते मिसळल्यावर : सामू ४.६, वाहकता २५५, सल्फेट ८०.

वाहकतेवरून हिशेब करा. २५५ मधून ४० वजा केले तर २१५, आणि ९०० मधून ४० गेले तर ८६०. २१५ भागिले ८६० म्हणजे पाव. खालच्या पाण्यात खाणीचे पाणी चौथा हिस्सा आहे. सल्फेटवरून तोच हिशेब केला तरी उत्तर पावाच्या अगदी जवळ येते. दोन वेगळ्या मापांनी एकच उत्तर दिले की मोजणाऱ्याला विश्वास वाटतो. कधी ती जुळली नाहीत तर मी सल्फेटचे ऐकते. पाणी मिसळताना हायड्रोजन आयन आणि धातू आपसात खपतात आणि वाहकता बदलते, सल्फेट मात्र सहसा तसाच पुढे जातो. ओढ्यात दगड बदलोत, पाणी मिसळो, सामू सुधारो, सल्फेट सहज नाहीसा होत नाही.

सामूचा मात्र असा सरासरी हिशेब करायचा नाही. तीन वाटे ६.४ आणि एक वाटा ३.२ यांची साधी सरासरी ५.६ येते. प्रत्यक्षात पाणी ४.६ होते, म्हणजे त्याहून दहापट आम्लधर्मी. कागदावर सामूची सरासरी काढलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते वाचणाऱ्या गावकऱ्यांना त्यांच्या ओढ्याची खरी स्थिती कधी कळतच नाही, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

संगमाखालच्या दगडांवर नारिंगीऐवजी पांढरी साय होती. ते अ‍ॅल्युमिनियम. सामू साडेचार-पाचच्या आसपास आला की ते पाण्यातून बाहेर पडते. माशांसाठी ही जागा वरच्यापेक्षाही घातक ठरू शकते, कारण ते माशाच्या कल्ल्यांवरच जमते आणि श्वास कोंडतो. जाळी लावली. संगमाखाली थाळीत डासासारख्या माश्यांच्या काही लाल अळ्या आणि एक चतुराचे पिल्लू, बाकी काही नाही. रानाकडच्या ओढ्यात, जेमतेम हाकेच्या अंतरावर, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय मिळाले. नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटीच्या सुमारलिन स्वेर आणि ओ. पी. सिंग यांनी २००३-०४ च्या सुमारास या ओढ्यांवर लिहिले तेव्हाही खाणपट्ट्यातल्या पाण्यातून असेच जीव नाहीसे झाल्याची नोंद केली होती. म्हणजे हे माहीत नव्हते असे कोणालाही म्हणता येणार नाही.

प्रवाह मोजायला सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडला, रुंदी-खोली मोजली आणि लाकडाचा तुकडा सोडून वेळ घेतली. पृष्ठभागाचे पाणी तळाच्या पाण्याहून जोरात धावते, म्हणून वेगाला ०.८५ ने गुणले. सेकंदाला अंदाजे ४० लिटर. लिटरला ८० मिलिग्रॅम सल्फेट धरले तर दिवसाला पावणेतीनशे किलो सल्फेट या एका लहान ओढ्यातून खाली जातो. तीव्रता ही एक गोष्ट, एकूण भार ही दुसरी.

पलीकडे कपडे धूत असलेल्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला हाक मारली. इथे थोरल्या बाईला काँग म्हणतात. काँग म्हणाल्या की लग्न होऊन आल्या तेव्हा इथे मासे धरत असत, आता साबणाला फेससुद्धा नीट येत नाही, आणि प्यायचे पाणी डोक्यावरून रानाकडच्या ओढ्यातून आणावे लागते. मैत्रिणीने त्यांना आमचे तिन्ही आकडे सांगितले. त्या ऐकून म्हणाल्या की रानाकडचा ओढा चांगला आहे हे लिहून द्या, म्हणजे त्याच्या वर कोणी खणणार नाही. आम्ही ते कागदावर लिहून, दिनांक घालून दिले.

गुरुवार : लुमश्नाँग, सोनापूर

ख्लीहरियातच्या पुढे खडक बदलतो. चुनखडी लागते, गुहा लागतात, आणि सिमेंटच्या कारखान्यांची धूळ. चुनखडी आम्लाला मारते. वरून कोळशाचे पाणी आले तरी चुनखडीवरून वाहत आले की त्याचा सामू सावरतो. फसगत होते ती इथेच.

एका ओढ्यात यंत्राने सामू ७.४ दाखवला. पाणी स्वच्छ, दगड स्वच्छ. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे आहे, म्हणजे हा ओढा उत्तीर्ण. पण वाहकता ६१०. चुनखडीचे पाणी मुळातच क्षारयुक्त असते, तर ६१० पैकी किती निसर्गाचे आणि किती खाणीचे? त्यासाठी शेजारच्याच, वर कोळसा नसलेल्या चुनखडीच्या झऱ्यावर गेलो : सामू ७.८, वाहकता २९०, सल्फेट ६. आणि ओढ्यात? सल्फेट असला की पाणी दुधाळ करणारे बेरियम क्लोराइड घातले, आणि नळी लगेच दुधाळ झाली. सल्फेट २४०. मानकातली पसंतीची मर्यादा २०० आहे, पर्याय नसेल तर ४०० पर्यंत चालवून घ्यावी असे मानक म्हणते.

क्लोराइडही, म्हणजे मिठातला घटक, तपासले, कारण सांडपाण्यातूनही सल्फेट येतो. पण सांडपाणी आले की क्लोराइड सोबत वाढतो. तो वाढलेला नव्हता. मीठ नाही, सल्फेट आहे, वरच्या खोऱ्यात कोळशाचे खड्डे आहेत, शेजारच्या झऱ्यात सल्फेट नाही. आता या ओढ्याबद्दल ठाम बोलता येते. सामू धुतला गेला, आणि सल्फेटने साक्ष दिली. नुसत्या सामूच्या पट्टीवर पाणी 'चांगले' ठरवणाऱ्या प्रत्येकाला मला या ओढ्यावर आणायचे आहे.

दुपारी सोनापूरला लुखा नदी पाहिली. हिवाळ्यात ती गडद निळी होते. २००७ पासून या रंगाच्या आणि मेलेल्या माशांच्या बातम्या येत आहेत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने वरून येणाऱ्या कोळसाखाणींच्या आम्लयुक्त पाण्याकडे बोट दाखवले आहे. पुलावर गाड्या थांबवून लोक छायाचित्रे काढत होते, कारण दृश्य खरोखरच सुंदर आहे. मी मात्र निळ्या रंगावरून काही सिद्ध करणार नाही. चुनखडीच्या प्रदेशातले निर्मळ पाणीही निळे दिसते. रंग ही चौकशी सुरू करण्याची जागा. आम्ही काठावरून नमुने घेतले, एका जागेचे मुद्दाम दोन, आणि एक बाटली प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध पाण्याची, उघडून तशीच बंद केलेली. शेवटची यासाठी की आमच्या हातांनीच काही मिसळले का ते कळावे. ही नदी पुढे बांगलादेशात सुरमेला मिळते. तिथल्या कोळ्यांना इथल्या खाणींची नावेही ठाऊक नसतील.

शुक्रवार, शनिवार : पुन्हा शिलाँग

सल्फेटच्या बाटल्या थंड होत्या. धातूंच्या बाटल्या रांगेत लावल्या, त्यांना यंत्रावर पाळी मिळायला वेळ लागणार. आम्लता मात्र आम्ही स्वतः मोजली. पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळायचे, म्हणजे लोखंड पुरते बदलून आपली लपलेली आम्लता बाहेर टाकते, मग सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडत सामू ८.३ पर्यंत न्यायचा.

मंगळवारचे पहिले तोंड, सामू २.९. नुसत्या सामूवरून हिशेब केला तर त्याची आम्लता लिटरला सुमारे ६३ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी निघते, म्हणजे ती मारायला तितकी चुनखडी लागेल. प्रत्यक्षात निघाली ३१०. बाकीची सगळी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये दडलेली होती आणि ओढ्यात पुढे जाता जाता प्रकट होणार होती. सामूच्या यंत्राला ती दिसतच नाही.

दुसरे तोंड, सामू ३.४ : आम्लता १२०. कागदावर हे पाणी सौम्य. आता प्रवाहाने गुणा. पहिले तोंड, सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला साडेतेरा किलोच्या आसपास आम्लता. दुसरे, सेकंदाला सहा लिटर, दिवसाला ६२ किलो. ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात त्या भयंकर झिऱ्यापेक्षा टेकडीपलीकडचे सौम्य पाणी ओढ्याचे साडेचारपट नुकसान करते आहे.

गावाकडे पैसा आणि माणसे एकाच तोंडावर काम करण्यापुरती आहेत. चुनखडीची चर खणून त्यातून पाणी नेले तर आम्लता मारता येते, आणि चुनखडी इथे दुर्मीळ नाही. ६२ किलो आम्लता म्हणजे तत्त्वतः रोज ६२ किलो चुनखडी, वर्षाला २२ टनांहून थोडी जास्त. प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक लागेल, कारण दगडांवर गंजाची साल चढली की ते काम करेनासे होतात. त्यासाठी चर उताराची हवी, पाणी वेगाने वाहून साल खरवडली जावी अशी.

मैत्रिणीने संध्याकाळी वाहेह श्नोंग यांना फोन लावला आणि पलीकडचे तोंड आधी घ्या म्हणून सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. पलीकडच्या पाण्यात तर गुरे उतरतात, ते म्हणाले. मग तिने बादलीचा हिशेब पुन्हा सावकाश सांगितला. ते ऐकत राहिले आणि शेवटी विचारले, पावसात हे आकडे असेच राहतील का? राहणार नाहीत. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या सरी खड्ड्यांभोवतीच्या ढिगाऱ्यावर साचलेले क्षार एकदम धुऊन आणतात, आणि तेव्हाचे पाणी जानेवारीपेक्षा वाईट असू शकते. तेव्हा वाहकतेचे यंत्र गावात ठेवायचे ठरले. रान दाखवणारा मुलगा रोज शाळेत जाताना संगमाखालचा आकडा वहीत लिहील, आणि तो ४०० च्या वर गेला की आम्हाला कळवील, म्हणजे बाटल्या घेऊन कोणीतरी त्याच दिवशी शिलाँगहून निघेल.